प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, दिवा मात्र लागत नाही

लक्षणं

एका खोलीतले किंवा लागून असलेल्या दोन खोल्यांतले दिवे, पंखा आणि पाच अँपिअरचे प्लग एकदम बंद पडतात. बाकीचं घर व्यवस्थित चालू असतं. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका, पडलेला नसतो. टेस्टर लावला तर प्लगच्या उजव्या भोकात पेटतो आणि डाव्या भोकातही पेटतो. मग घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "करंट तर डबल येतोय, मग लागत का नाही?"

कधी दोष इतका उघड नसतो. इस्त्री लावली की दिवे थरथरतात. ट्यूब संध्याकाळी लागत नाही आणि सकाळी आपोआप लागते. बोर्डावर थाप मारली की पंखा सुरू होतो. बोर्डाजवळ कान नेला तर कुरकुर ऐकू येते, प्लेटला हात लावला तर कोमट लागते. तापलेल्या प्लास्टिकचा, काहीसा मासळीसारखा वास येतो आणि तो नेमका कुठून येतोय ते कुणाला कळत नाही.

यातलं एक जरी जुळलं तरी पहिला संशय न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीच्या, जोडावर घ्यायचा. मी कोकणपट्टीत वायरमनचं काम करतो. जुन्या चाळी, कौलारू घरं, वीस-पंचवीस वर्षांच्या इमारती अशी सगळीकडून या दोषासाठी सारखी बोलावणी येतात. पहिला पाऊस पडून भिंती ओल धरतात तेव्हा आणि नंतर गणपतीत जरा जास्तच.

आत नेमकं काय झालेलं असतं

आपल्याकडे दिवे, पंखे आणि पाच अँपिअरचे प्लग बहुतेक एकाच सर्किटवर असतात. डीबीतल्या, म्हणजे एमसीबींच्या पेटीतल्या, एका एमसीबीतून फेज (करंट आणणारी वायर) निघते, न्यूट्रलच्या पट्टीवरून काळी वायर निघते आणि दोन्ही पहिल्या बोर्डात येतात. तिथून लूप मारून दुसऱ्या बोर्डात, तिथून तिसऱ्या. म्हणजे शेवटच्या खोलीतल्या दिव्याचा करंट परत जाताना वाटेतल्या प्रत्येक बोर्डातल्या जोडातून जातो. मधला एक जोड सुटला की त्याच्या पुढचं सगळं मेलं.

फेज सुटली तरी दिवे बंदच पडतात, पण तेव्हा टेस्टर कुठेच पेटत नाही, त्यामुळे कुणी बुचकळ्यात पडत नाही. न्यूट्रल सुटला की मात्र घोळ होतो. एखाद्या दिव्याचं बटण चालू असेल तर फेज त्या दिव्यातून पलीकडे न्यूट्रलच्या वायरीत उतरते, आणि पुढे वाट तुटलेली असल्यामुळे तिथेच उभी राहते. त्या तुटलेल्या तुकड्यावर जेवढे प्लग असतील तेवढ्यांच्या डाव्या भोकात टेस्टर पेटतो. करंट डबल वगैरे काही नसतो. एकच फेज दिव्याच्या दोन्ही टोकांना येऊन थांबलेली असते. दोन्हीकडे दाब सारखा, मग दिव्यातून वाहणार काय?

म्हणूनच हा दोष धोक्याचाही आहे. अशा वेळी काळी वायर २३० व्होल्टवर असते. "काळी आहे, धर बिनधास्त" हे इथे चालत नाही.

आता फेजपेक्षा न्यूट्रलच जास्त का सुटतो? बोर्ड उघडून पाहिलात की कळेल. फेजला प्रत्येक बटणावर स्क्रू असतो, ती एका बटणावरून दुसऱ्यावर लूप होत जाते. न्यूट्रलला बटणावर जागाच नसते. मग चार-पाच काळ्या वायरी एकत्र पिळायच्या, वर टेप गुंडाळायची आणि गठ्ठा बोर्डामागे ढकलून प्लेट लावायची, अशी आपल्याकडची रीत. नवीन असताना हा पीळ चालतो. पुढे करंटच्या कमी-जास्त भाराने वायर तापते, गार होते, पीळ ढिला पडतो, टेपचा गोंद सुटतो. किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट पूट चढते. पूट चढलेल्या वायरी एकमेकींना टेकलेल्या दिसतात, पण करंट नीट जात नाही.

तपासायला लागण्याआधी

खालच्या पहिल्या काही गोष्टी कुणीही कराव्यात. त्यात काही उघडायचं नाही, पैसे लागत नाहीत. बोर्ड उघडायचं ते शेवटी, आणि तेही फक्त मेन बंद करून. मेन म्हणतोय, म्हणजे अख्ख्या घराचा मुख्य स्वीच, त्या सर्किटचा एमसीबी नव्हे. याचं कारण पुढे येईल.

आधी दाराबाहेर बघा

जिन्यातला दिवा चालू आहे का? शेजाऱ्यांकडे काय परिस्थिती आहे? गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण सगळ्या मजल्याचीच कटकट असेल तर तुमचे बोर्ड उघडून काही मिळणार नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही दिवे नेहमीपेक्षा जास्त प्रखर झालेत का, पंखा एकावरही गरगर फिरतोय का, ते बघा. एका खोलीत अंधूक, दुसरीत लख्ख, किंवा तुमच्याकडे अंधूक आणि समोरच्यांकडे लख्ख, असं असेल तर दोष तुमच्या बोर्डात नाही. इमारतीचा किंवा खांबावरचा मुख्य न्यूट्रल सुटलाय. तीन फेजवर वाटलेल्या घरांचा सामायिक न्यूट्रल गेला की ज्या फेजवर भार कमी तिथला व्होल्टेज वर चढतो, आणि वाईटात वाईट स्थितीत तो ४०० च्या आसपास जातो. टीव्ही, फ्रिज, राउटर, सगळं काही क्षणांत जातं. लगेच मेन स्वीच पाडा, शेजाऱ्यांनाही सांगा, आणि वीज कंपनीला १९१२ वर फोन करा. यापुढची कुठलीही तपासणी अशा वेळी करायची नाही. मीटरपर्यंतचं काम कंपनीचं असतं. मीटर आणि तुमच्या घराच्या मधली इमारतीची वायरिंग असेल तर सोसायटीचा परवानाधारक वायरमन लागतो. मीटरच्या खोलीत जाऊन कुणी स्क्रू पिळत बसू नये.

डीबी

एमसीबी पडलेला नाही असं लोक लांबून बघून सांगतात. काही वेळा त्याचा खटका मध्येच अडकलेला असतो, वरून चालूच दिसतो. तो पूर्ण खाली पाडा आणि मग वर करा. लगेच पुन्हा पडला तर पुन्हा पुन्हा वर करत बसू नका. तो शॉर्टचा दोष, हा लेख त्यावर नाही. तिथे थांबायचं आणि वायरमनला बोलवायचं.

आरसीसीबी (करंट गळला की पडणारा खटका) असेल आणि तो पडत असेल तर संशयाची दिशा बदलते. करंट कुठेतरी जमिनीत जातोय किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेत. घरातल्या आरसीसीबीवर बहुतेक ३० मिलीअँपिअर लिहिलेलं असतं. जाणारा आणि परत येणारा करंट यांत तेवढा फरक पडला की तो पडतो. सुटलेला न्यूट्रल जोड हा फरक निर्माण करत नाही, त्यामुळे आपल्या दोषात तो शांत बसतो. एमसीबीही शांत बसतो. खूप जणांना याचंच आश्चर्य वाटतं, पण एमसीबी जास्त करंट बघतो, आणि सुटलेल्या जोडातून तर करंट कमीच वाहतो.

जुन्या घरात चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील तर ते किती आहेत ते बघा. फार जुन्या बांधणीत फेजला एक आणि न्यूट्रललाही एक असे दोन सापडतात. न्यूट्रलचा उडाला तर लक्षणं हुबेहूब वरच्यासारखी, टेस्टर दोन्हीकडे पेटतो. न्यूट्रलला फ्यूज नसावाच, असा नियम आहे. तार घालून पुन्हा चालू करण्यापेक्षा वायरमनकडून तिथे सरळ लिंक (फ्यूज नसलेला पक्का जोड) बसवून घ्या, आणि जमलं तर तो लोखंडी पेटीचा मेन स्वीचच बदलून टाका.

दिवा, पिन आणि त्या दिवशी काय लावलं होतं

बंद दिवा काढून चालू खोलीत लावून बघा. बंद प्लगमधली पिन दुसऱ्या प्लगमध्ये घालून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण नुसता होल्डरचा स्प्रिंग दबलेला असताना अख्खा बोर्ड उघडलेली घरं मी पाहिली आहेत. एकच दिवा किंवा एकच प्लग बंद असेल आणि त्याच बोर्डावरचं बाकी चालू असेल, तर दोष त्या एका नगात आहे. लूप शोधायची गरज नाही.

मग आठवा, बंद पडण्याआधी त्या सर्किटवर काय चालू होतं. दिवे-पंख्यांच्या सर्किटसाठी आपल्याकडचा जुना, रुळलेला दंडक असा आहे की एका सर्किटवर दहा पॉइंट आणि ८०० वॅट, त्यापुढे नाही. ८०० वॅट म्हणजे साधारण साडेतीन अँपिअर. त्याच सर्किटवरच्या पाच अँपिअरच्या प्लगला १५०० वॅटची किटली लावली की साडेसहा अँपिअर झाले. यावर ६ अँपिअरचा एमसीबी पडेल असं वाटतं, पण पडत नाही. मानकाप्रमाणे तो त्यावर लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट करंट, म्हणजे जवळपास ६.८ अँपिअर, तासभर सोसायलाच हवा. १.४५ पट झाला, म्हणजे ८.७ अँपिअर, तर तासाभराच्या आत पडायला हवा. २००० वॅटची इंडक्शन शेगडी नेमकी तिथे येते. आणि "सारखा पडतो" म्हणून कुणी ६ च्या जागी १६ चा एमसीबी बसवून दिलेला असेल, तर एक किंवा दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीला वालीच उरत नाही.

गणपतीत हेच होतं. मखराच्या एलईडी माळा नावालाच करंट घेतात, त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नसतो. पण त्याच मल्टीप्लगवर मोदकांसाठी शेगडी आणि चहाची किटली लागते, आणि आधीपासून अर्धवट सुटलेला जोड त्या दिवशी पूर्ण सुटतो.

अर्धवट जोडाचा हिशेब एकदा समजून घ्या. सैल जोडाला समजा २ ओहमचा रोध आहे. त्यातून एका एलईडी दिव्याचा करंट गेला तर जोडात तयार होणारी उष्णता मोजण्याइतकीही नसते, दिवा अगदी नीट लागतो. हजार वॅटची इस्त्री लावली की ४.३ अँपिअर वाहतात. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे त्या एका पिळात सुमारे ३८ वॅट तयार होतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याची डाग देण्याची कावी (सोल्डरिंग आयर्न) २५ वॅटची असते. ती टेपमध्ये गुंडाळून लाकडी बोर्डामागे ठेवल्यासारखंच हे आहे. म्हणून इस्त्रीला दिवे थरथरताना दिसले की इस्त्री बंद करा, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या सर्किटवर फक्त दिवे चालवा. वास किंवा कोमटपणा असेल तर तेही नको, एमसीबी पाडूनच ठेवा.

जाता जाता एक सांगतो. पूर्वी पिवळे बल्ब होते तेव्हा हा दोष लवकर कळायचा, कारण व्होल्टेज जरा उतरला की बल्ब मलूल व्हायचा. एलईडी दिवा बराच कमी व्होल्टेज आला तरी तेवढाच उजेड देतो. तो मलूल होत नाही. जोड पार जळायला आला की मग एकदम लुकलुकायला लागतो. म्हणून लुकलुकणारा एलईडी सरसकट दिव्याचा दोष समजून फेकून देऊ नका.

टेस्टरची खरी तपासणी

टेस्टर आधी चालू खोलीतल्या प्लगमध्ये लावून बघा, तो पेटतोय ना. हात कोरडे, पायात चप्पल, बोट फक्त मागच्या टोपीवर, पुढच्या दांडीला लावायचं नाही. प्लगकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. भोकांना आतून शटर असेल तर टेस्टर जबरदस्तीने घुसवू नका. तसल्या बोर्डावर लाल इंडिकेटर असेल तर तोच बघा. इंडिकेटर फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये जोडलेला असतो, त्यामुळे न्यूट्रल सुटला की तो विझतो.

आता बंद पडलेल्या भागातली सगळी बटणं बंद करा आणि सगळ्या पिना काढा. राउटर, पाण्याचा फिल्टर, डासांचं मशीन, चार्जर, काही विसरू नका. मग डाव्या भोकात टेस्टर लावा.

विझला, किंवा अगदी मिणमिणता राहिला, तर आता एकाच दिव्याचं बटण चालू करा. डावं भोक पुन्हा लख्ख पेटलं तर न्यूट्रल तुटल्याचं सिद्ध झालं. फेज त्या दिव्यातूनच पलीकडे येत होती.

सगळं बंद करून, पिना काढूनही डावं भोक लख्खच पेटत असेल तर प्रकरण वेगळं आहे. एखादी पिन राहिली असेल, नाहीतर पाइपात कुठेतरी फेज आणि न्यूट्रल एकमेकांना लागलेत. पिना पुन्हा मोजा, आणि तरी तसंच असेल तर एमसीबी पाडून थांबा.

दोन्ही भोकं मुकी असतील तर फेज सुटलीय. शोधायची पद्धत तीच, फक्त लाल किंवा पिवळी-निळी वायर शोधायची. उजवं पेटतं, डावं पेटत नाही आणि तरी दिवा लागत नाही, तर बटण किंवा दिव्याचा होल्डर बघा.

कागद-पेन्सिल घ्या

हे कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ यातच वाचतो. त्या सर्किटचा एमसीबी मुद्दाम पाडून घरभर फिरा आणि काय काय बंद झालं ते लिहा. मग एमसीबी चालू करून, दोषामुळे काय काय बंद आहे ते लिहा. पहिल्या यादीत आहे पण दुसऱ्या यादीत नाही, ते सगळे पॉइंट जोडाच्या अलीकडचे. दुसऱ्या यादीतले पलीकडचे. सुटलेला जोड शेवटच्या चालू बोर्डात असतो किंवा पहिल्या बंद बोर्डात.

लोक फक्त बंद बोर्ड उघडून बघतात, त्यात सगळं घट्ट असतं आणि मग भिंत फोडायच्या गोष्टी सुरू होतात. दोष मात्र शेजारच्या, ठणठणीत चालू असलेल्या बोर्डातल्या गठ्ठ्यात असतो. चालू बोर्डही उघडायचा, हे लक्षात ठेवा.

लूपचा क्रम कसा ओळखायचा? डीबीपासून जवळचा बोर्ड पहिला असा अंदाज धरा. जुन्या पट्टीच्या वायरिंगमध्ये वायर सरळ डोळ्यांनी दिसते, भिंतीवरून मागोवा घ्या. नंतर काढलेल्या बाल्कनीच्या किंवा देवघराच्या पॉइंटचा मात्र भरवसा नाही. तो जिथून सोयीचा पडला तिथून ओढलेला असतो.

बोर्ड उघडायचा असेल तर

बल्ब, बटण, फ्यूज, पंखा अशा गोष्टी होत्या तशाच बदलायला नियमांत घरच्यांना मुभा आहे. नवी वायर ओढणं, पॉइंट वाढवणं, वायरिंगमध्ये फेरफार करणं हे परवानाधारकाचं काम. सैल स्क्रू घट्ट करणं किंवा जळका प्लग काढून तसाच दुसरा बसवणं इथपर्यंत हातात स्क्रूड्रायव्हर धरण्याची सवय असलेला माणूस जाऊ शकतो. सवय नसेल तर वरचा कागद वायरमनच्या हातात द्या. त्याचं अर्धं काम झालेलं असेल.

मेन का बंद करायचा, ते आता. डीबीतला साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मागे कधी कुणी सोय म्हणून शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल तुमच्या गठ्ठ्यात आणून पिळला असेल, तर त्या दुसऱ्या सर्किटच्या फ्रिजचा करंट याच काळ्या वायरीतून परत जात असतो. तुम्ही एमसीबी पाडलेला, टेस्टर कुठेच पेटत नाही, तुम्ही निर्धास्त होऊन गठ्ठा सोडता, आणि हातातलं एक टोक त्या क्षणी जिवंत होतं. सामायिक सर्किटवर वायरमनलाही शॉक बसतो तो बहुतेक असाच. म्हणून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन पाडायचा.

आणि इन्व्हर्टर! मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो त्याच दिव्यांच्या वायरीत २३० व्होल्ट सोडतो. त्याचं बटण बंद करा, पिनही काढा. छतावर सोलर असेल आणि त्याची जोडणी तुम्हाला नक्की माहीत नसेल तर बोर्ड उघडूच नका. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर आतून कुणीतरी "अगं बाई, मेन पडलाय वाटतं" म्हणत तो वर करतं.

मेन पाडल्यावर बोर्डात टेस्टर लावून बघा, पण तो चालू आहे हे मेन पाडण्याच्या जरा आधी चालू प्लगमध्ये पाहिलेलं असलं पाहिजे. न पेटणारा टेस्टर बिघडलेलाही असू शकतो.

प्लेटचे स्क्रू काढून ती हळू पुढे ओढा आणि आधी नुसतं बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोकणातल्या बोर्डात मुंग्या, पालीची अंडी आणि कुंभारणीचं मातीचं घर हे ठरलेले भाडेकरू, ते कोरड्या ब्रशने झाडा. मग काळ्या वायरींचा गठ्ठा शोधा. जिथे टेप तपकिरी होऊन कडक झालीय, वायरीचं प्लास्टिक फुगलंय किंवा काजळलंय, तिथेच दोष आहे. काही जळलेलं दिसत नसेल तर प्रत्येक वायर वेगळी धरून हलकेच ओढा. सैल असलेली हातात येते. स्क्रूखालच्या वायरींनाही असंच ओढून बघा. कधी स्क्रू घट्टच असतो, पण तो तांब्यावर न बसता वरच्या प्लास्टिकवर बसलेला असतो. हा दोष पहिल्या दिवसापासून असतो आणि दहा वर्षांनी उघड होतो.

सापडल्यावर नुसतं पुन्हा पिळून टेप मारू नका, तो सहा महिन्यांत परत येतो. काळवंडलेला तुकडा चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापून टाका, सेंटिमीटरभर सोला, आणि गठ्ठ्याऐवजी स्क्रूचा किंवा खटक्याचा कनेक्टर वापरा. एका भोकात एक वायर. फार तर शे-दीडशे रुपयांचा खर्च. प्लगचं भोक काळं पडलेलं असेल किंवा पिन त्यात डुगडुगत असेल तर स्क्रू आवळून उपयोग नाही. आतल्या पितळी पट्टीची पकड एकदा तापून गेली की परत येत नाही. प्लगच बदला.

इथे थांबा

कापून वायर आखूड पडली, पुढच्या जोडाला पुरत नाही, तर थांबा. तुकडा जोडून टेप मारणं हे नव्या दोषाचं बी.

वायर चंदेरी आणि मऊ दिसली तर ती ॲल्युमिनियमची. जुन्या इमारतींत सापडते. ती स्क्रूखाली दबत जाते, हवेने तिच्यावर करंट न जाऊ देणारा थर येतो, आणि वाकवली की तुटते. तांब्याबरोबर पिळली तर जोड आणखी लवकर बिघडतो. प्लेट परत लावा आणि वायरमनला बोलवा.

दोन्ही बोर्डांत सगळं घट्ट आहे आणि दोष कायम आहे, तर जोड छताच्या जंक्शन बॉक्समध्ये किंवा पाइपाच्या आत आहे. पाइपातून पाणी ठिबकत असेल, बोर्डात ओल असेल, भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर काहीच उघडायचं नाही. मेन पाडा. अशा वेळी वायरमनने मेगर (वायरीवरच्या आवरणाचा रोध मोजायचं यंत्र) लावून ५०० व्होल्टवर इन्सुलेशन मोजायला हवं. निदान १ मेगाओम आला पाहिजे. ओल्या भिंतीत तो येत नाही, आणि मग आधी गळती थांबवणं व नंतर नवी वायर ओढणं असा क्रम लागतो.

आणि एक जुगाड, ज्याच्यावर मी कायम चिडतो. न्यूट्रल सापडत नाही म्हणून अर्थच्या भोकातून न्यूट्रल देऊन दिवा लावून दाखवतात. दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश. पण घरातल्या प्रत्येक धातूच्या वस्तूची बॉडी त्याच हिरव्या वायरीला जोडलेली असते. उद्या ती वायर पुढे कुठे सुटली की फ्रिजच्या दरवाजावर, वॉशिंग मशिनवर फेज येते. आरसीसीबी असेल तर तो पडतो, आणि मग पुढचा शहाणा आरसीसीबीच काढून टाकतो. तुमच्याकडे आलेला कुणी असं करताना दिसला तर त्याला तिथेच थांबवा.

वायरमनला काय सांगायचं

फोनवर "लाइट येत नाही" एवढंच सांगू नका. कोणते पॉइंट बंद, त्याच एमसीबीवरचे कोणते चालू, डावं भोक पेटतं का, सगळं बंद केल्यावर विझतं का, त्या वेळी काय लावलं होतं, इन्व्हर्टर आहे का, वायरिंग पट्टीची की भिंतीतली, हे सांगा. त्याच्याकडे वायरमन परवाना आहे का हे विचारायला संकोच नको.

काम झाल्यावर न्यूट्रलचे जोड कनेक्टरमध्ये घेतलेत ना, दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल वेगळा केलाय ना, एमसीबीचा आकडा वायरीच्या जाडीला साजेसा आहे ना, हे त्याला दाखवायला सांगा. किटली, शेगडी, गिझर यांच्यासाठी डीबीपासून वेगळी अडीच चौरस मिलिमीटरची वायर ओढून सोळा अँपिअरचा प्लग घेणं जमत असेल तर याच फेरीत उरकून टाका.

मग वायरमन घरात असतानाच त्या सर्किटवरचे सगळे दिवे-पंखे लावा आणि अर्धा तास इस्त्री चालवा. दिवे थरथरता कामा नयेत. इस्त्री बंद करून, उघडलेल्या आणि त्यांच्या आजूबाजूच्या बोर्डांच्या प्लेटवर तळहात ठेवा. भिंतीइतकीच गार लागली तर त्याचे पैसे द्या. एखादी कोमट लागली तर तोही बोर्ड उघडायला लावा.